मेसेनिया : हरलेल्यांच्या इतिहासाचा प्रांत

ग्रीस पाहून आलो असे सांगितले की पहिला प्रश्न येतो तो अथेन्सच्या अक्रॉपोलिसचा, दुसरा डेल्फीचा आणि तिसरा ऑलिंपियाचा. हे साहजिकच आहे. शाळेच्या पुस्तकांतून ही नावे आपण वाचलेली असतात, आणि ती स्थळेही त्या कीर्तीला शोभणारी आहेत. परंतु आज ज्या प्रांताविषयी आम्हांला बोलायचे आहे, त्याचे नाव आपल्यांपैकी थोड्याच श्रोत्यांच्या कानांवरून गेले असेल. मेसेनिया हा तो प्रांत. ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीस नावाचे मोठे द्वीपकल्प आहे. त्याच्या खालच्या अंगाला समुद्रात तीन बोटे पसरल्यासारखी दिसतात. त्यांतले पश्चिमेकडचे बोट आणि त्याच्या मागचे सुपीक मैदान म्हणजे मेसेनिया.

आम्ही तिकडे का वळलो, हे आधी सांगितले पाहिजे. जे जिंकले त्यांचा इतिहास ते स्वतः लिहितात, किंवा दुसरे कोणी त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. जे हरले, जे राबले, त्यांचा इतिहास कुठे शोधावयाचा? मेसेनियाचे लोक सुमारे तीनशे वर्षे स्पार्टाच्या दास्यात होते. त्या काळात त्यांनी स्वतःविषयी लिहिलेला एकही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. तरीही त्यांचे नाव राहिले आणि एक दिवस त्या नावाचे नगर उभे राहिले. हे कसे घडले, त्याच्या खुणा प्रत्यक्ष भूमीवर पाहाव्यात, एवढाच आमचा हेतू होता.

स्पार्टाहून निघालो तेव्हा एप्रिलचा पहिला पंधरवडा होता. स्पार्टा आणि मेसेनिया यांच्यामध्ये टायगेटस पर्वताची भिंत आहे. तिचे सर्वोच्च शिखर सुमारे २,४०० मीटर उंच आहे, आणि चैत्र लागला तरी माथ्यावर बर्फ होते. स्पार्टाहून मेसेनियातल्या कालामाटा शहराकडे जाणारा रस्ता साठेक किलोमीटरांचा, पण तो लंगाडा घाटाच्या अरुंद घळीतून चढतो. एका बाजूला चुनखडीचा उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी, असा हा घाट. माथ्यावर देवदार जातीचे वृक्ष आहेत. तेथून उतरू लागलो आणि हवा बदलली. खाली ऑलिव्हच्या बागांचे रुपेरी हिरवे मैदान, त्यातून वाहणारी पामिसोस नदी, संत्र्यामोसंब्यांच्या बागा आणि पलीकडे निळा आखात. घाटाच्या अलीकडे राहणाऱ्या लढवय्या स्पार्टन लोकांना पलीकडची ही जमीन का हवीशी वाटली, हे कोणी सांगावयाची गरज उरली नाही. इतिहासाच्या पुस्तकात पानभर लागणारे कारण घाटमाथ्यावर एका दृष्टिक्षेपात कळले.

आता प्रवासाचा क्रम बाजूस ठेवून काळाच्या क्रमाने सांगतो.

मेसेनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पायलॉस नावाचे बंदर आहे. तेथून उत्तरेस सुमारे सतरा किलोमीटरांवर आनो एंग्लियानोस ही टेकडी लागते. होमरच्या काव्यात पायलॉसचा वृद्ध राजा नेस्टर येतो. तो नव्वद गलबते घेऊन ट्रॉयच्या युद्धाला गेला, आणि पुढे ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस बापाच्या शोधात निघाला तेव्हा पहिल्यांदा याच राजाच्या दारी आला. हे सारे कविकल्पित असावे असे पुष्कळांना वाटे. १९३९ च्या एप्रिलमध्ये कार्ल ब्लेगन या अमेरिकन संशोधकाने, ग्रीक संशोधक कोन्स्तान्तिनोस कुरुनियोटिस यांच्या सहकार्याने, या टेकडीवर कुदळ मारली आणि पहिल्याच दिवशी राजवाड्याचे दफ्तर हाती लागले. त्या पहिल्या मोसमातच मातीच्या शेकडो पाट्या निघाल्या. त्यांवर लिनियर बी ही लिपी होती, आणि ती तेव्हा जगात कोणाला वाचता येत नव्हती. महायुद्ध सुरू झाले, काम थांबले, आणि ते १९५२ साली पुन्हा सुरू झाले.

त्याच वर्षी मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज तरुणाने ही लिपी वाचल्याचे जाहीर केले. व्हेंट्रिस व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ होता. ही भाषा ग्रीकच आहे, हे त्याचे म्हणणे अनेक पंडितांना पटेना. पुढल्या वर्षी ब्लेगनने पायलॉसची एक नवी पाटी त्याच्या पद्धतीने वाचून पाहिली. तिच्यावर भांड्यांची चित्रे होती. तीन पायांच्या भांड्याशेजारी 'तिरिपोदे' असे अक्षर लागले. चार कानांच्या भांड्याशेजारी 'क्वेतोरो' हा चाराचा शब्द, तीन कानांच्या भांड्याशेजारी 'तिरि' हा तीनाचा शब्द, आणि बिनकानी भांड्याशेजारी नकाराचा 'अ' आला. चित्र आणि शब्द तंतोतंत जुळले. ज्यांना संस्कृतातले त्रिपाद आणि चत्वार हे शब्द ठाऊक आहेत, त्यांना ही पाटी वाचताना परक्या घरी आपल्या आजोळचे माणूस भेटल्यासारखे वाटेल.

राजवाड्याचे जोते आजही शाबूत आहे. वर आधुनिक छप्पर घातले असून उंचावरच्या पुलांवरून खाली पाहता येते. मधल्या दरबारात सुमारे चार मीटर व्यासाची वाटोळी वेदी आहे. एका खोलीत स्नानाचे मातीचे टब जागच्या जागी आहे. बाजूच्या कोठीत पेल्यांचे ढीग सापडले, त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर भरली. ख्रिस्तपूर्व ११८० च्या सुमारास हा वाडा जळाला. कोठारांतील तेलाने आग भडकली असली पाहिजे. पण श्रोतेहो, याच आगीने आपल्यावर एक उपकार केला आहे. या पाट्या कच्च्या मातीच्या, उन्हात वाळवलेल्या होत्या. वर्षभराचा हिशेब संपला की त्या भिजवून मोडावयाच्या, अशी रीत असावी. वाडा जळाला म्हणून त्या भाजल्या गेल्या, आणि भाजल्या म्हणून टिकल्या. राजाचे वैभव ज्या रात्री संपले, त्याच रात्री त्याचे दफ्तर अमर झाले.

आणि त्या दफ्तरात आहे काय? नेस्टरचा पराक्रम नाही की देवांची स्तोत्रे नाहीत. आहेत ते हिशेब. प्लेउरोन नावाच्या ठिकाणी पाठवावयाचे तीस वल्हेकरी, किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या तुकड्या, कासारांना तोलून दिलेले कांसे, आणि वाड्यासाठी राबणाऱ्या सातशेहून अधिक स्त्रिया. या स्त्रिया सूत कातीत, कापड विणीत, धान्य दळीत, स्नानाचे पाणी घालीत. त्यांना आणि त्यांच्या मुलांना किती गहू आणि किती अंजीर द्यावयाचे, याची नोंद आहे. काही गटांपुढे मिलेटस, निडोस, लेम्नोस अशी समुद्रापलीकडची गावे लिहिलेली आहेत. म्हणजे त्या बहुधा लढाईत धरून आणलेल्या किंवा विकत घेतलेल्या असाव्यात. पण एकीचेही स्वतःचे नाव तेथे नाही. 'इतक्या स्त्रिया, इतक्या मुली, इतके मुलगे' एवढेच. क्रीट बेटावरील नोसोसच्या अशाच पाट्यांत बैलांची नावेदेखील टिपलेली आढळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या मौनाचा अर्थ अधिकच बोचतो. होमरने टेलेमॅकसला स्नान घालण्याचे काम राजकन्येकडे सोपवले आहे. दफ्तर सांगते की ते काम दासींचे होते. काव्य आणि हिशेब यांत इतिहासकाराने कोणाकडे पाहावयाचे, याचे उत्तर आम्हांला त्या स्नानगृहापाशी मिळाले. दोहोंकडे पाहावे, पण हिशेब आधी वाचावा.

राजवाड्याच्या जवळच २०१५ साली एका योद्ध्याचे अस्पर्शित थडगे सापडले. सिनसिनाटी विद्यापीठाचे जॅक डेव्हिस आणि शॅरन स्टॉकर यांनी ते उघडले. वाडा जळण्याच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधीचे हे दफन. सोन्याच्या अंगठ्या, तलवार, आणि साडेतीन सेंटिमीटरांच्या एका खड्यावर कोरलेले द्वंद्वयुद्धाचे दृश्य, असे धन त्यात होते. त्याचेही नाव कोणाला ठाऊक नाही. मात्र त्याच्या उशाशी सोने होते, आणि दळणाऱ्या बायकांच्या वाट्याला एका ओळीची नोंद आली.

यानंतर काही शतके अंधारात जातात. ख्रिस्तपूर्व आठव्या आणि सातव्या शतकांत स्पार्टाने टायगेटस ओलांडून मेसेनिया जिंकला. पहिले युद्ध वीस वर्षे चालले, असे स्पार्टाचाच कवी टिर्टियस सांगतो, आणि जिंकलेल्यांना पिकाचा अर्धा वाटा धन्याला द्यावा लागे, हेही त्याच्याकडूनच कळते. या लोकांना हेलॉट म्हणत. जमीन त्यांनी कसावयाची आणि त्या धान्यावर स्पार्टन पुरुषाने आयुष्यभर फक्त शस्त्रविद्या शिकावयाची, अशी ती व्यवस्था होती. स्पार्टाच्या शिस्तीचे गोडवे आपण पुष्कळ ऐकतो. त्या शिस्तीला लागणारी भाकर कोण पिकवीत होते, हे मात्र क्वचितच ऐकतो. स्पार्टाचे अधिकारी दर वर्षी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे एखाद्याला मारले तरी पाप लागू नये. हे ॲरिस्टॉटलच्या आधारे प्लुटार्कने नोंदवले आहे.

ख्रिस्तपूर्व ४६४ च्या सुमारास स्पार्टात मोठा भूकंप झाला आणि हेलॉटांनी उठाव केला. मैदानातून एकाएकी उठलेला, आठशे मीटर उंचीचा इथोमे डोंगर त्यांनी धरला. तटबंदीवर हल्ला करण्याची विद्या स्पार्टाला अवगत नव्हती. थुसिडिडीझच्या म्हणण्याप्रमाणे दहाव्या वर्षी तडजोड झाली. बंडवाल्यांनी पेलोपोनीस सोडून जावे आणि पुन्हा सापडल्यास पकडणाऱ्याचे गुलाम व्हावे, अशी अट ठरली. अथेन्सने त्यांना आखाताच्या उत्तर तीरावर नाउपाक्टस येथे वसवले. मेसेनिया आता परमुलखात, आठवणीत जगू लागला.

या निर्वासितांनी परत पाऊल टाकले ते पायलॉसच्या उपसागरात. तेथे जाण्यापूर्वी व्हॉइडोकिलियाची चौपाटी पाहावी. घोड्याच्या नालेसारखी वळलेली पांढरी वाळू, नालेच्या तोंडाशी दोन खडक आणि त्यांमधून आत येणारा शांत निळा समुद्र. मागे यालोव्हाचे खाजण आहे. तेथे वसंतात आफ्रिकेकडून येणारे पक्षी विसावतात, आणि रंग बदलणारा आफ्रिकी शॅमेलियन सरडाही त्या वाळूत राहतो. डोंगराच्या कुशीत नेस्टरची म्हणून दाखवतात ती गुहा आहे. वर चढून गेलो की दक्षिणेला सारा उपसागर दिसतो आणि त्याचे तोंड अडवून पडलेले स्फॅक्टेरिया नावाचे लांबट, उघडे बेट.

या बेटावर ख्रिस्तपूर्व ४२५ मध्ये स्पार्टाचे ४२० सैनिक अथेन्सच्या आरमाराने कोंडले. त्यांना अन्न पोचवणाऱ्या हेलॉटाला मुक्ती मिळेल, असे स्पार्टाने जाहीर केले. तेव्हा कित्येक हेलॉट मधात कालवलेली खसखस आणि कुटलेले जवस कातडी पिशव्यांत भरून, पाण्याखालून पोहत बेटावर गेले. स्वातंत्र्यासाठी धन्यालाच वाचवावयाचे, असा तो विलक्षण सौदा. दुसऱ्या बाजूला नाउपाक्टसहून आलेले मेसेनियन अथेन्सकडून लढत होते. शेवटी त्यांच्याच एका नायकाने कड्यावरून वाट काढली, तो शत्रूच्या पाठीशी उभा राहिला आणि स्पार्टाने शस्त्रे खाली ठेवली. २९२ जण कैद झाले. स्पार्टन मरतो पण शरण जात नाही, हा समज त्या दिवशी मोडला. थुसिडिडीझने त्या नायकाचे नाव दिलेले नाही. सहा शतकांनी पॉसेनियस हा प्रवासी मेसेनियन सरदाराचे नाव कोमोन म्हणून सांगतो.

स्पार्टाला हेलॉटांची भीती किती होती, हे सांगताना थुसिडिडीझनेच एक प्रसंग नोंदवला आहे. युद्धात सर्वांत उत्तम कामगिरी केलेल्यांना मुक्त करू, तुम्हीच ते निवडा, असे हेलॉटांना सांगण्यात आले. सुमारे दोन हजार निवडले गेले. त्यांनी डोक्यावर पुष्पमाला घातल्या, देवळांना प्रदक्षिणा घातल्या. थोड्याच दिवसांत ते सारे नाहीसे झाले, आणि प्रत्येक जण कसा मेला हे कोणालाही कळले नाही. स्फॅक्टेरियासमोर उभे राहून ही हकीकत आठवली की त्या सुंदर निळ्या पाण्याकडे पाहवत नाही.

स्फॅक्टेरियाच्या विजयानंतर निर्वासित मेसेनियनांनी ऑलिंपियाला विजयदेवतेची पुतळी वाहिली. शिल्पकार पायोनियस याने घडवलेली ती देवता आज तेथील संग्रहालयात आहे. उतरता उतरता वाऱ्याने वस्त्र अंगाला चिकटलेले दिसते. शत्रूकडून मिळालेल्या लुटीचा दशांश, एवढेच लेखात आहे. शत्रूचे नाव नाही. स्पार्टाच्या भीतीने ते कोरले नाही, असे स्वतः मेसेनियन सांगत, हे पॉसेनियस लिहितो. जिंकल्यावरही ज्यांना शत्रूचे नाव घेता येत नाही, त्यांचे दास्य किती खोल असेल!

ते संपले ख्रिस्तपूर्व ३६९ मध्ये. दोन वर्षांपूर्वी लूक्ट्राच्या रणांगणावर थीब्जच्या एपामिनोन्डासने स्पार्टाचा पराभव केला होता. आता तो मेसेनियात उतरला आणि इथोमेच्या पायथ्याशी त्याने मेसेने नगराची स्थापना केली. इटली, सिसिली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विखुरलेल्या मेसेनियनांना बोलावणी गेली आणि ते परतले. बासरीच्या सुरांवर तटाचे दगड चढले, असे पॉसेनियस वर्णितो. पूर्वीच्या पराभवाच्या वेळी वीर ॲरिस्टोमेनीसने या डोंगरात एक गुप्त ठेव पुरली होती, ती स्वप्नातल्या खुणेवरून सापडली आणि त्या तांब्याच्या कलशात पूर्वजांचे धर्मविधी कोरलेला कथलाचा पत्रा होता, अशीही आख्यायिका तो देतो. विद्वानांचे म्हणणे असे की ॲरिस्टोमेनीसच्या पुष्कळ कथा स्वातंत्र्यानंतर रचल्या गेल्या. तसे असेलही. ज्यांचा इतिहास हिरावला गेला, त्यांनी मोकळे होताच आधी इतिहास मागितला, हे तरी त्या कथांतून खरे ठरते. पुराव्याच्या कसोटीवर कथा गळून पडेल, पण कथेची गरज हा स्वतःच एक पुरावा आहे.

त्या नगराचा तट सुमारे नऊ किलोमीटरांचा होता. त्याचे चौकोनी बुरूज आजही डोंगराच्या धारेवर उभे आहेत. उत्तरेचा आर्केडियन दरवाजा म्हणजे मध्ये वाटोळे अंगण असलेला दुहेरी दरवाजा. गाड्यांचा रस्ता अजून त्यातून जातो. खाली रंगमंडल, वैद्यदेवतेचे मंदिर आणि भोवती खांबांच्या ओळी असलेले क्रीडांगण आहे. १९८६ नंतर पेट्रोस थेमेलिस या संशोधकाने जवळजवळ चार दशके खपून ही नगरी मातीबाहेर काढली आणि पडलेले खांब जागी बसवले. २०२३ साली ते निवर्तले. वरच्या माव्रोमाटी गावातल्या झऱ्याचे पाणी आजही वाहते. आम्ही ते ओंजळीने प्यालो. क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर तांबड्या ॲनिमोनी फुलल्या होत्या. स्पार्टात असे काही पाहावयास मिळत नाही. स्पार्टाची भव्य वास्तू फारशी नाही, हे थुसिडिडीझने आधीच सांगून ठेवले होते. जिंकणाऱ्यांचे नगर ओसाड वाटते आणि जिंकलेल्यांच्या नगराचे बुरूज उभे आहेत. काळाने हिशेब असाही पुरा केला आहे.

आता शेवटचा प्रसंग. पुन्हा तोच पायलॉसचा उपसागर. त्याचे मधल्या काळातले नाव नवारिनो. १८२१ च्या मार्चमध्ये कालामाटा तुर्की सत्तेतून मुक्त झाले. पण १८२५ मध्ये इजिप्तचा इब्राहिम पाशा याच किनाऱ्यावर उतरला आणि त्याने प्रांत उजाड केला. २० ऑक्टोबर १८२७ रोजी इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांची आरमारे उपसागरात शिरली. नांगरलेल्या गलबतांमध्ये चार तास तोफा चालल्या आणि तुर्की व इजिप्शियन आरमार बुडाले. केवळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. ग्रीसचे स्वातंत्र्य येथे निश्चित झाले. गावातल्या चौकाला तीन नौसेनापतींचे नाव आहे, मधोमध त्यांचा स्तंभ आहे, आणि भोवती चिनारांच्या सावलीत म्हाताऱ्यांच्या गप्पा चालतात.

त्या तिघांतला कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता, त्याचे नाव 'एशिया'. चौऱ्यांशी तोफांचे हे जहाज १८२४ साली पाण्यात उतरले ते मुंबईच्या गोदीत. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानातून ते घडले. हे आम्हांला आधी वाचून ठाऊक होते, परंतु चिनाराच्या सावलीत बसलो तेव्हा त्याचा अर्थ उमगला. आमच्या मुंबईत ज्यांनी तो साग तासला, फळ्या वाकवल्या, फटी बुजवल्या, त्यांना नवारिनो हे नाव ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्या राज्यासाठी ते जहाज बांधीत होते, त्याने नुकतीच १८१८ मध्ये पेशवाई बुडवली होती. आपला देश परक्याच्या हाती गेलेला, आणि आपल्या हातांनी घडलेले जहाज दुसऱ्या देशाच्या मुक्तीला निघालेले! इतिहास असा वाकडा चालतो. त्या कारागिरांची नावे चौकातल्या स्तंभावर नाहीत. बुडालेल्या जहाजांवरच्या हजारो खलाशांचीही नाहीत.

म्हणूनच मेसेनिया पाहून आल्यावर आम्हांला एक सवय जडली. कोठलाही वाडा, तट किंवा स्तंभ पाहिला की आम्ही विचारतो, येथे दळण कोणी दळले, वल्हे कोणी मारले, साग कोणी तासला? उत्तर बहुधा मिळत नाही. कधी आगीने भाजलेल्या पाटीत, कधी शत्रूच्या इतिहासकाराच्या प्रामाणिक वाक्यात, कधी जहाजाच्या लाकडात ते चुकून सापडते. आपल्या गावाजवळच्या गडावर जेव्हा जाल, तेव्हा बुरूज कोणत्या राजाने बांधला हे वाचून झाल्यावर, दगड कोणी चढवले हेही एकदा विचारून पाहा.